तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग तिला जिवंत म्हणायचं का?
हो, जिवंतच, फक्त स्वतःची डागडुजी फारशी करता येत नाही, म्हणून साधारण १२० दिवसच टिकते. केंद्रक अस्थिमज्जेत असतानाच बाहेर टाकलं जातं, पण तोवर लागणारी बहुतेक प्रथिनं बनलेली असतात. पुढे त्याच शिदोरीवर दिवस काढायचे. तंतुकणिकाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) नसतात. त्यामुळे पाठीवरच्या ऑक्सिजनला ती स्वतः हात लावत नाही (प्रामाणिक हमाल!), ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवते. मोकळ्या जागेत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं. लॅबमध्ये रोज स्लाइड बघतो: रंगवल्यावर पांढऱ्या पेशीत जांभळं केंद्रक उठून दिसतं, तांबडीचा मध्य फिकाच. मात्र हे माणसाचं झालं. कोंबडीच्या, बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं.