शुगरचं ओझं एकटीनं का वाहतेस?

"डॉक्टरांना वाटतं मी निष्काळजी आहे, नवऱ्याला वाटतं मी हट्टी आहे. खरं सांगू का ताई, मी दमलेय." तुझ्या पत्रातला हा मजकूर वाचून जीव कळवळला. बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस, आता चौतिशी, आणि जवळची माणसं सगळी समुद्रापलीकडे. दमशील नाहीतर काय! प्रत्येक खाण्याआधी कर्बोदकांचा हिशेब, मग इन्सुलिनचा डोस. ताप, पाळी, ऑफिसचा ताण, साधं भरभर चालणं, यांतल्या कशानंही तो हिशेब विस्कटतो आणि पुन्हा मांडावा लागतो. या कामाला सुट्टी नाही.

या दमण्याला डॉक्टरांकडे नाव आहे, डायबेटिस डिस्ट्रेस. ते नैराश्याहून वेगळं असतं, आळस किंवा हट्ट तर मुळीच नसतं. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ते मोजायला २० प्रश्नांची प्रश्नावली मांडली, ती आजही वापरात आहे. पण तू तर अपॉइंटमेंटच पुढे ढकलतेस, का तर "एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) वाढलेलं दिसेल आणि बोलणी बसतील." अगं, वाढलंय म्हणूनच जायचं! गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, "मला हे झेपत नाहीये." डायबेटिसची नर्स, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, जो कोणी मिळेल तो माग.

"कधी कधी डोस मुद्दाम टाळते" हे तू ओझरतं लिहिलंस. ते ओझरतं नाही. टाइप वनमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात, त्यामुळे इन्सुलिन चुकलं की कीटोन नावाची आम्लं रक्तात साठून जिवावर बेतू शकतं. बाकी काही जमलं नाही तरी बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन, चुकवू नकोस. शुगर वाढलेली, त्यात उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट इमर्जन्सीत जा. आणि जगणंच नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग.

आता जे वाचून मला खरा राग आला ते. "ऑफिसात कुणाला माहीत नाही, इथल्या मैत्रिणींनाही नाही. सांगितलं की कीव करतात, नाहीतर गोड फार खाल्लंस का असं विचारतात." आणि आईला फोनवर "सगळं छान". आपण परदेशात आलेली माणसं ही एक खोड सोबत घेऊन येतो, घरचं दुखणं उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. तिकडे निदान उंबऱ्याच्या आत चार माणसं असायची. इथे आत कोण आहे? तू आणि नवरा, आणि तोही कामाच्या निमित्तानं आठवडा आठवडा बाहेर.

माझ्या भाच्यालाही टाइप वन आहे. शिकायला बाहेर पडला तेव्हा बहीण म्हणाली होती, कुणाला सांगू नकोस, उगाच वेगळं पाडतील. त्यानं ऐकलं नाही. खोलीतल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सगळं दाखवलं. पुढे एका रात्री त्याची शुगर इतकी खाली गेली की तो शुद्धीवर नव्हता. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला ग्लुकागॉन, म्हणजे शुगर झटकन वर आणणारं औषध, कुठे आहे ते माहीत होतं, म्हणून आज माझा भाचा आहे. तेव्हापासून मी भेटेल त्या टाइप वनवाल्याला हेच सांगत सुटते, दोन माणसांना सांग.

सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ऑफिसात शेजारी बसणारी एक आणि घराजवळची एक मैत्रीण निवड. त्यांना सांग, "मी घामाघूम झाले, गोंधळल्यासारखं बोलले तर शुगर लो आहे. गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, ग्लुकागॉन द्या, रुग्णवाहिका बोलवा." मग ग्लुकागॉनची जागा दाखव. घरात ते नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घे. कीव करणारे करतील, त्यांना फार उत्तरं देत बसू नकोस. जमलं तर टाइप वन असलेल्या मोठ्या माणसांच्या एखाद्या गटातही जा. तिथे काही समजावून सांगावं लागत नाही, हा विसावा फार मोठा असतो.

आईलाही खरं सांग. "९ म्हटलं की ती गोंधळते" म्हणतेस, कारण तुझ्याकडे शुगर मिलिमोलमध्ये मोजतात आणि ती मिलिग्रॅममध्ये ऐकायला सरावलेली. १८ नं गुण आणि १६२ सांग.

नवरा दार उघडताच "शुगर किती?" विचारतो म्हणून तुमची भांडणं होतात. बहीणही फोनवर हेच आधी विचारायची, तेव्हा भाचा फोनच उचलेनासा झाला. मग दोघांनी ठरवलं, शुगर लो झाली की सेन्सरचा अलार्म तिच्या फोनवर जाईल आणि बाकी आकडे तो स्वतःहून सांगेल. तुम्हीही असं काही ठरवा. आणि विचारण्यापेक्षा त्याला काम दे, औषधं वेळेवर मागवणं, रात्रीचा अलार्म आठवड्यातून काही दिवस सांभाळणं.

इन्सुलिन पंप घ्यावा का, हे तुझ्या टीमशी बोलून ठरव. दमलेल्या अवस्थेत घाई नको. विमानप्रवासात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेव, सामानात गोठू शकतं. लागेल त्याच्या दुप्पट घे, सोबत डॉक्टरांचं पत्र. घड्याळ बदलल्यावर बेसल कधी घ्यायचं ते निघण्याआधी विचारून घे. अपॉइंटमेंटची तारीख मात्र मला कळव.