क्लाउड ईआरपीचे अपडेट थांबवून ठेवता येतात का?

तुमचा कारखाना बडोद्याचा, सॉफ्टवेअर बिझनेस सेंट्रल, म्हणजे बिलं, स्टॉक आणि हिशेब एकत्र सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं क्लाउड ईआरपी. दर एप्रिल-ऑक्टोबरला मोठा अपडेट आला की काहीतरी बंद पडतं. अपडेट थांबवता येईल का आणि तपासणीला आयटीचा एक माणूस पुरेल का, असं तुम्ही विचारलंय.

थांबवता येत नाही. तारीख पुढे ढकलता येते, तीही मुदतीतच. अॅडमिन सेंटरमध्ये तुम्ही तारीख निवडली नाही तर मायक्रोसॉफ्ट निवडतं. एखादं कस्टम एक्स्टेन्शन (तुमच्यासाठी खास लिहिलेली जोडणी) आडवं आलं तर अपडेट फेल होतो आणि जुनं व्हर्जन चालू राहतं, म्हणून लोकांना वाटतं टळलं. टळत नाही. मुदत आणि तिच्यावर मिळणारे सवलतीचे दिवस संपले की ते एक्स्टेन्शन काढून अपडेट लावला जातो. डेटा राहतो, पण तुमची फील्ड आणि त्यांच्यावर बांधलेले रिपोर्ट दिसेनासे होतात.

आता आयटीच्या माणसाबद्दल. हा वाद मी बरीच वर्षं घालतोय आणि माझं मत पक्कं आहे: एकट्या आयटीने केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग युनिटचं उदाहरण घ्या. ऑक्टोबरच्या अपडेटआधी प्रॉडक्शनची (रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टिमची) कॉपी काढून सॅन्डबॉक्स, म्हणजे चाचणीची वेगळी सिस्टिम केली, ती नव्या व्हर्जनवर नेली. पार्टनरने (सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीने) तपासली, आयटीने सही केली. लॉगिन, ऑर्डर, पोस्टिंग, सगळं ठीक. अपडेटनंतर पहिल्या संध्याकाळी डिस्पॅचला बिल पोस्ट झालं, आयआरएनही (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नोंदणी क्रमांक) आला, पण छापील बिलावर क्यूआरच्या जागी कोरा चौकोन. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे ई-इनव्हॉइसवर क्यूआर लागतोच, त्यामुळे भरलेल्या गाड्या फाटकात अडकल्या.

कारण साधं होतं. बिलाचा लेआउट (छपाईचा साचा) रिपोर्टच्या ज्या कॉलमवर बांधला होता, तो आधीच्या व्हर्जनमध्येच ऑब्सोलीट (पुढे काढून टाकणार) म्हणून जाहीर झाला होता आणि या वेळी काढला गेला. एक्स्टेन्शनच्या कोडमध्ये असं काही असलं तर कम्पाइल करतानाच एरर येते. लेआउट कम्पाइल होत नाही, तो गुपचूप रिकामी जागा छापतो.

मग सॅन्डबॉक्समध्ये हे का सापडलं नाही? प्रॉडक्शनची कॉपी सॅन्डबॉक्समध्ये आली की एक्स्टेन्शनना बाहेरच्या सर्व्हरशी बोलायची परवानगी बंद असते, जॉब क्यूही (आपोआप चालणाऱ्या कामांची रांग) थांबलेली असते. म्हणजे आयआरएन मागवलाच गेला नव्हता, आणि कोरा चौकोन पाहून सगळ्यांनी धरून चाललं की टेस्टमध्ये असंच दिसणार. डिस्पॅचच्या माणसाने ती प्रिंट हातात घेतली असती तर त्याचा पहिला प्रश्न असता, क्यूआर कुठाय?

म्हणून ती परवानगी एक्स्टेन्शन मॅनेजमेंटमध्ये जाऊन चालू करा, पण त्याआधी ई-इनव्हॉइसचे लाइव्ह युजरनेम-पासवर्ड काढून टेस्ट सर्व्हरचे घाला. कॉपीबरोबर बिलांची नंबर सिरीजही आलेली असते, म्हणजे टेस्टमधले बिल नंबर प्रॉडक्शनसारखेच. टेस्टमध्ये खरा आयआरएन निघाला तर पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात, आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही. दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनमधलं त्याच नंबरचं खरं बिल पोर्टल नाकारतं.

डिस्पॅचने गुजरातमधलं एक बिल, महाराष्ट्राचं आयजीएसटीचं एक, जॉबवर्कचं एक चलन आणि एक क्रेडिट नोट काढावी, कागदावर छापून जुन्या प्रिंटशेजारी ठेवावी. बारकोड लेबलही त्याच प्रिंटरवर काढून बघा. अकाउंट्सने गेल्या महिन्याचा जीएसटीआर-१ सॅन्डबॉक्समधून परत काढून बेरजा जुळवाव्यात. ट्रान्सपोर्टरचं आरसीएमचं बिल (ज्यावरचा जीएसटी आपणच भरतो), टीडीएस कापलेलं एक पेमेंट आणि बँकेची पेमेंट फाइल त्यांनीच बघायची. नव्या व्हर्जनचा प्रिव्ह्यू साधारण महिनाभर आधी मिळतो, तेवढ्यात हे आरामात होतं. रिलीज नोट्स सगळ्या वाचत बसू नका, काय काढलंय तेवढा भाग आधी वाचा.

तारीख निवडताना ११ आणि २० च्या आसपासचे दिवस सोडा, जीएसटीआर-१ आणि ३बी ही रिटर्न तेव्हाच भरायची असतात. एप्रिलचा पहिला आठवडाही नको, नवी बिल सिरीज चालू होत असते. दिवाळीत कारखाना बंद असतो, तेव्हा उरकून टाकू, असं मालक हमखास म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पार्टनरचं ऑफिसही लाभपाचमेपर्यंत बंद, फोन कोण उचलणार? महिन्याच्या २२-२३ तारखेला, आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री ११ ते सकाळी ६ ची विंडो ठेवा. सकाळी सगळे जागेवर असतात, आणि काही मोडलं तर दुरुस्त करायला दिवस हातात असतो. नवरात्रीत मात्र नको, रात्री गरब्याला गेलेल्या माणसाला सकाळी सातला बोलावून बारीक तपासणी होत नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं तारीख निवडू देणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतं आहे. ऑरॅकल फ्यूजनमध्ये अपडेट तिमाही असतो, टेस्टनंतर प्रॉडक्शनला दोन आठवडे मिळतात. एसएपीच्या पब्लिक क्लाउडमध्ये वर्षात दोन मोठे अपडेट, टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या मध्ये तीन आठवडे. झोहो बुक्ससारख्यात बदल अधूनमधून येतच राहतात आणि तारीख तुमच्या हातात नसते. तिथे बिलाचा टेम्प्लेट शक्य तितका साधा ठेवा आणि रोजचं पहिलं बिल डिस्पॅचने छापून नीट बघून मगच गाडी सोडावी.