कारखान्याच्या कामासाठी कोल्हापुरातली कमर्शियल लॉ फर्म पुरते का, की मुंबईचीच गाठावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, पुण्याच्या एका कंपनीकडे कास्टिंगच्या बिलांचे चाळीसेक लाख अडकलेत. कोल्हापुरातल्या एका लॉ फर्मच्या वेबसाइटवर वीस-बावीस 'प्रॅक्टिस एरिया' दिसतात. हे लोक खरंच एवढं सगळं करतात का, की सरळ मुंबई गाठावी?

मी कंपनी सेक्रेटरी आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या मध्यम कंपन्यांची कामं बघतो. वकिलांना कागद पुरवायचे आणि वकिलांचं म्हणणं मालकांना समजावून सांगायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडेच येतात. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे हे सगळं अशिलाच्या बाजूने बघितलेलं आहे.

आधी त्या यादीबद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही. 2008 मध्ये सवलत मिळाली ती एवढीच, की वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं देता येतील. साइट उघडल्याबरोबर 'मी ही माहिती स्वतःहून घेतोय' असं कबूल करून घेणारी चौकट येते, ती याचमुळे. 'अमुक दावा आम्ही जिंकला' असं लिहायची सोय नाही, मग उरते क्षेत्रांची यादी, आणि ती सगळ्यांची सारखीच असते. कॉर्पोरेट, बँकिंग, लवाद, बौद्धिक संपदा, दिवाळखोरी, एकही सोडलेलं नसतं. त्या यादीवरून काहीच ठरवू नका.

माझ्या मते जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या फर्मची खरी ताकद तीन कामांत असते: वसुली, जमीन आणि कामगार. तुमचं काम वसुलीचं आहे आणि त्यासाठी मुंबईला जायचं मला तरी कारण दिसत नाही.

तुमची उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान-मध्यम उद्योगाची नोंद) या पुरवठ्याच्या आधीची असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु गटात असाल, तर 2006 चा एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) तुमच्या बाजूने आहे. (मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. लघु गटाची मर्यादा एप्रिल 2025 पासून गुंतवणूक 25 कोटी आणि उलाढाल 100 कोटी अशी आहे.) पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) 90 दिवसांचं क्रेडिट लिहिलेलं असलं, तरी कायद्याने पैसे 45 दिवसांत यायला हवेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद मागायची ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे), आणि कलम 18 प्रमाणे पुरवठादार जिथला तिथली कौन्सिल चालते, खरेदीदार देशात कुठलाही असो. म्हणजे पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'न्यायक्षेत्र पुणे' छापलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. लवादाचं कलम असलं तरी हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि समोरच्याला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. पैसे थकवणाऱ्या कंपनीला खरी झळ बसते ती या अटीची. कायद्यात निकालाला 90 दिवस लिहिलेत, पण प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो, हे धरून चाला.

आता तुमच्या धंद्यातली खरी मेख. समोरची कंपनी म्हणणार, 'कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) होते, रिजेक्शन होतं, आम्ही डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) काढलीय.' याच कायद्यात लिहिलंय, की माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. तेव्हा आठ महिन्यांनी अचानक उगवलेल्या डेबिट नोटेचं वजन फारसं नसतं. पण हे मांडायला चलन, गेट एन्ट्री, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि ईमेल तारखेनुसार लावावे लागतात. हे काम कोल्हापुरातली माणसं चांगलं करतात, कारण फाउंड्रीचे असले वाद त्यांनी पुष्कळ हाताळलेले असतात. मुंबईच्या ज्युनिअरला आधी पॅटर्न (ज्यावरून साचा बनवतात तो नमुना) म्हणजे काय ते सांगावं लागतं. पॅटर्नवरून आठवलं: गिऱ्हाइकाचे पॅटर्न तुमच्याकडे पडून असतील, तर वकिलाला विचारल्याशिवाय 'पैसे दे आणि घेऊन जा' असं लिहून कळवू नका. ते अडकवून ठेवायचा हक्क वाटतो तेवढा सरळ नाही आणि उलट तुमच्यावरच विश्वासघाताची फौजदारी तक्रार येऊ शकते.

चेक परत आलेला असेल तर घाई करा. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे भरायला त्यांना 15 दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं असलेली शाखा जिथे, तिथल्या कोर्टात केस चालते, म्हणजे इथेच.

कौन्सिलचा रस्ता बसत नसेल तर दावा. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद 2018 पासून कमर्शियल कोर्टाच्या कक्षेत येतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं, नाहीतर दावा दारातच फेटाळला जातो. यात एखादी फर्म गोंधळलेली दिसली तर तिथून उठा. आणि एनसीएलटीची (कंपन्यांची दिवाळखोरी बघणाऱ्या न्यायाधिकरणाची) धमकी द्यायला कुणी सुचवलं, तर 2020 पासून तिथली किमान थकबाकी एक कोटी आहे, हे लक्षात ठेवा. चाळीस लाखांत ते दार उघडत नाही.

जमिनीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण वाढीव शेडसाठी जागा घ्यायची वेळ येणारच. एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसून भाडेपट्ट्याचा असतो आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते. बाहेरची शेतजमीन असेल तर सातबारावरचे इतर हक्क, कुळकायद्याचं कलम 43 (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन), भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), जुने फेरफार हे वाचणारा माणूस जवळ हवा. जमिनीच्या मालकीचा सर्च रिपोर्ट मुंबईच्या फर्मकडे दिला, तरी शेवटी तो इथलाच कुणीतरी वकील करून पाठवतो आणि बिल तेवढं मुंबईचं येतं. कामगारांच्या बाबतीतही तसंच: माथाडी बोर्ड, युनियनशी करार, खात्यांतर्गत चौकशी यांत इथल्या ओळखीला आणि अनुभवाला मोल आहे. नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यांचा अभ्यास कुणी केलाय एवढं फक्त तपासा.

मुंबई किंवा पुणे कधी गाठावं? परदेशी गिऱ्हाइकाशी करार, गुंतवणूकदाराला शेअर द्यायचे असतील, एनसीएलटीचं काम, ट्रेडमार्कचा मोठा वाद. इथल्या फर्मच्या यादीत ही नावं असतात, पण बहुतेक वेळा काम बाहेरच्या सहकाऱ्याकडे जातं. त्यात गैर काहीच नाही, फक्त कुणाकडे जातं ते विचारून घ्या. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली अपिलं आता इथे चालतात, इथल्या फर्मचं वजनही त्याने वाढलंय. पण एनसीएलटी मुंबईतच आहे. 'आता सगळं कोल्हापुरात' असं बरेच मालक समजून बसलेत, ते तसं नाही.

गावातल्या फर्मची एक अडचण मात्र खरी आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. तुमच्या बँकेचं, तुमच्या भाडेकरूचं किंवा ज्याच्याशी वाद त्याच कंपनीचं काम तीच फर्म बघत असू शकते. पहिल्याच भेटीत कंपनीचं नाव सांगून स्पष्ट विचारा. चांगला वकील रागावत नाही, उलट तोच आधी विचारतो.

फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या: नोटीस, कौन्सिलचा अर्ज, सुनावण्या. 'वसूल झालेल्यातले इतके टक्के द्या' असं कुणी म्हटलं, तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. बोर्डावर नाव असलेले भागीदार उभे राहणार की ज्युनिअर, हेही तेव्हाच ठरवा.

जाताना उद्यम प्रमाणपत्र, सगळे पीओ मागच्या पानांसह, बिलं, चलनं, डेबिट नोटा आणि खातेउतारा न्या. सर्वात जुन्या बिलाची तारीख आधीच बघून ठेवा. दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपत आली असेल, तर वकिलाकडे जायच्या आधीच त्यांच्या अकाउंट्स खात्याकडून बॅलन्स कन्फर्मेशन (इतकी रक्कम देणं आहे असं पत्र) सही-शिक्क्यानिशी मागवा. मुदत संपण्याआधी लेखी कबुली मिळाली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा मोजली जातात. वाद चिघळला की ती सही मिळत नाही, म्हणून हे या आठवड्यातच करा.