प्रश्न तुमचे : गोगलगायीच्या अंड्यातील आवळती मान

प्रश्न : गोगलगायीचे फलित अंडे विभागताना खालच्या बाजूने आवळले जाते, असे वाचले. त्यात कॅल्शियमचा संबंध काय?

उत्तर : अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर चिखलात राहणाऱ्या इलियानासा या समुद्री गोगलगायीत हे स्पष्ट दिसते. पहिल्या विभाजनावेळी अंड्याच्या खालच्या टोकाला फुगवटा येतो, त्याची मान आवळत जाते आणि दोनच पेशी असूनही अंडे घटकाभर तीन पाकळ्यांचे भासते; पुढे तो फुगवटा एकाच पेशीत सामावतो. मान आवळणारे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू बटव्याच्या नाडीसारखे वेढा घालून असतात. पेशीतील मुक्त कॅल्शियम वाढले की मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन या तंतूंना ओढू लागते, आणि म्हणूनच अतिसूक्ष्म नळीतून अंड्यात कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) सोडल्यावर त्याचा आकार झपाट्याने बदलल्याचे प्रयोगांत आढळले. शंखातल्या चुन्याशी या कामाचा संबंध नाही.