डॉज रॅमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय, जंकयार्डातला घालावा का?

तुमची १९९७ ची रॅम २५०० पिकअप, ५.९ लिटर कमिन्स डिझेल इंजिन, चौथा गिअर घसरतोय, तेल काळं पडलंय आणि त्याला जळका वास येतोय. जंकयार्डात (जुन्या गाड्यांच्या भंगारात) एक गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय, तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. पण आधी गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर नवा आणा.

माझी गाडी १९९६ ची, इथे ओहायोत. गिअरबॉक्स तुमच्यासारखाच, ४७आरई. पहिल्यांदा बदलला तेव्हा कूलर तोच ठेवला. नळ्यांतून हवा मारली, पलीकडून स्वच्छ तेल आलं, खूश झालो. चार महिन्यांत नवाही घसरायला लागला. पॅन उतरवला तर तळाला काळा चिखल, आणि त्यात बोट फिरवलं की चांदीच्या वर्खासारखी चमक. आधीच्या गिअरबॉक्सचा सगळा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत दडून बसला होता, तो हळूहळू नव्यात उतरला. दोष माझाच. आणि डिझेल रॅमला कूलर दोन असतात: एक पुढच्या जाळीमागे, दुसरा इंजिनाच्या अंगाला, पाण्यावर चालणारा. हा दुसरा हमखास विसरला जातो. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टरही तुमचा जुना लावू नका, त्याच्याही पोटात तोच चुरा असतो.

जंकयार्डवाला '४७आरई आहे' म्हणाला म्हणून लगेच पैसे देऊ नका. व्ही-१० पेट्रोललाही ४७आरईच येतो, पण त्याची बेल (इंजिनाला जोडलं जाणारं पुढचं घंटेसारखं तोंड) वेगळी, कमिन्सला बसत नाही. १९९४-९५ चा ४७आरएच वेगळाच. फोर बाय फोर आणि फोर बाय टूची शेपटी निराळी, तेही बघून घ्या.

बसवताना कन्व्हर्टरवर घाई करू नका. आत ढकलत फिरवत राहायचं. तो टप्प्याटप्प्याने आत जातो, शेवटी गिअरबॉक्सच्या पंपात अडकल्यावर 'टक्' असं हाताला कळतं. बेल इंजिनाला हाताने टेकली पाहिजे. बोटभर फट राहिली आणि तुम्ही बोल्ट आवळून ती मिटवायला गेलात, तर पंप फुटलाच समजा. माझ्या मित्राने जॅकवर तासभर झुंजून शेवटी पाना लावला होता. पुढचं सांगत नाही.

मग थ्रॉटल केबल. फ्युएल पंपाच्या लिव्हरवरून गिअरबॉक्सला जाणारी. ती सैल राहिली की आतला दाब कमी पडतो, क्लच घसरून जळतात. पेडल पूर्ण सोडलेलं असताना आणि पूर्ण दाबलेलं असताना, दोन्हीकडे तपासा.

ऑटोमॅटिकच्या जागी मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचा मोह मलाही झाला होता. कंपनीनेच त्या वर्षांत मॅन्युअलवाल्याला २१५ हॉर्सपॉवर दिले, ऑटोमॅटिकला १८०. पण पेडल, हायड्रॉलिक्स, प्रोपेलर शाफ्ट, एवढं सगळं जमवत बसण्यात उन्हाळा जातो. शिवाय एनव्ही४५०० ला, म्हणजे त्या मॅन्युअल गिअरबॉक्सला, पाचव्या गिअरचा नट सैल होण्याची खोड आहेच.

तेल एटीएफ प्लस फोर. पाच-सहा क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे साधारण लिटरभर) ओतून इंजिन चालू करा, मग थोडं थोडं ओतत जा. डिपस्टिक बघायची ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, तेल गरम झाल्यावर. पार्कमध्ये बघाल तर पातळी फसवेल.