तेवीस मिनिटांचं गाणं

प्रिय बाळ,

तुझी यादी मिळाली. दहा महान रॉक बँड, प्रत्येकासमोर एकेक अल्बम, आणि तळाशी लाल शाईत शेरा: 'ग्रेटफुल डेड बाद. यांचा "तो" अल्बम कुठला, हे कुणालाच धड सांगता येत नाही.' म्हणजे ज्याची ओळख ठरावी असा एक अल्बम नाही, तो बँड महान नाही, असं तुझं म्हणणं. वाचून आधी हसलो, मग जरा चिडलो. ही यादी कशासाठी केलीस ते मला ठाऊक आहे. तुमच्या बँडची पाच गाणी तयार आहेत आणि तू ती दाबून बसली आहेस. आधी अल्बम, मग स्टेज, असं तू ठरवलंयस. सहा महिने जॅमपॅडचं, म्हणजे तालमीच्या खोलीचं, भाडं भरताय आणि बाहेरच्या एकाही माणसानं तुम्हाला ऐकलेलं नाही. (मला धरू नकोस. मी घरचा.)

तर ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं बघ. १९६८ साली त्यांनी 'डार्क स्टार' ही एकल तबकडी काढली. गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग ते लोक स्टुडिओत शिरले आणि 'ऑक्सोमॉक्सोआ' नावाच्या अल्बमवर महिनोन् महिने घासत बसले. आठ ट्रॅकवर, म्हणजे टेपवरच्या आठ वेगळ्या पट्ट्यांवर, काम चाललं होतं, तेवढ्यात सोळा ट्रॅकचं नवं यंत्र हाती आलं. झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! शेवटी रेकॉर्ड कंपनीचं मोठं कर्ज डोक्यावर बसलं. ते फेडायला मदत व्हावी म्हणून त्यांनी तीच यंत्रसामग्री कार्यक्रमांना नेली आणि १९६९ मध्ये 'लाइव्ह/डेड' काढला. त्यात तोच 'डार्क स्टार' आहे, पण आता तेवीस मिनिटांचा. एलपीची एक अख्खी बाजू त्यानंच व्यापली आहे. मधल्या वर्षभरात ते गाणं रोज वेगळ्या वाटेनं जाऊन परत येत होतं. ते स्टुडिओत वाढलं नाही, लोकांसमोर वाढलं.

हे तुला परकं वाटू नये. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या कानसेनांना 'भीमसेनांची सर्वोत्तम रेकॉर्ड कोणती?' असं विचारलं असतंस, तर त्यांनी रेकॉर्डचं नावच घेतलं नसतं. अमक्या साली सवाईत पहाटे लागलेला सूर, तमक्या बैठकीतला तोडी, असं काहीतरी सांगितलं असतं. मग आवाज खाली आणून, 'त्याचं स्पूल अमक्याकडे आहे, पण तो देत नाही.' अमेरिकेत डेडच्या चाहत्यांचं हुबेहूब हेच चालायचं. लोक मायक्रोफोन घेऊन कार्यक्रमाला यायचे, टेप करायचे आणि एकमेकांना कॉपी करून द्यायचे. मायक्रोफोनच्या काठ्यांचं असं रान माजलं की १९८४ मध्ये बँडनं टेपवाल्यांसाठी साउंड बोर्डाच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या टेबलाच्या, मागे वेगळी जागाच राखून ठेवली. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाची टेप अशीच वर्षानुवर्षं हातोहात फिरली. २०११ च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या ग्रंथालयानं ती जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत घेतली. तिचा रीतसर अल्बम निघाला तो २०१७ साली. म्हणजे चाळीस वर्षं 'तो' अल्बम लोकांच्या कपाटांत होता, दुकानात नव्हता.

(जाता जाता: त्यांचा ड्रमर मिकी हार्ट आपल्या झाकीर हुसेनबरोबर वाजवत असे. त्यांचा १९७६ चा 'दिगा' हा अल्बम मिळाला तर ऐक. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

बरं, मी एकतर्फी बोलत नाही. पिंक फ्लॉइडपुरतं तुझं म्हणणं मला मान्य आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून' काढून घेतला तर उरतो तो एक चांगला, विचित्र, मोजक्या लोकांचा बँड. काही बँडना राहायला असं एका अल्बमचं घर लागतं. पण ते घर कसं बांधलं ते बघ. अल्बम आला मार्च १९७३ मध्ये. त्याआधी जानेवारी १९७२ मध्ये, म्हणजे वर्षभराहूनही आधी, ब्रायटनला त्यांनी ती सलग रचना लोकांसमोर मांडायचा प्रयत्न केला आणि मध्येच यंत्रणेनं दगा दिला. अर्ध्यावर थांबावं लागलं. पुढे त्यांनी ती गावोगाव वाजवली, तिच्यात बदल केले आणि मग लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जाऊन टेप केली. तू ज्याला देव्हाऱ्यात बसवलंयस, तो अल्बम आधी चारचौघांत फसलेला आहे.

बाकी बँडवर फार शाई घालवत नाही. रोलिंग स्टोन्ससमोर तू एक नाव लिहिलंयस, पण १९६८ ते १९७२ मधल्या चार अल्बमांवरून लोक अजून भांडतात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलवाल्यांनी तर एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम काढले. त्यातला 'तो' कुठला ठरवायला वेळ कुणाला होता? क्वीनसमोर 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' लिहिलंस ते ठीकच. तरी ब्रिटनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे त्यांचा १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स', चक्क संकलन. आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची सुरुवात कशी झाली? पाचगणीच्या शाळेत, हेक्टिक्स नावाच्या पोरांच्या बँडमध्ये, पियानोवर दुसऱ्यांची गाणी वाजवत. अल्बम वगैरे नंतर.

मला विचारशील तर 'तो' अल्बम ही मुख्यतः ऐकणाऱ्याची सोय आहे. नव्या माणसाला कुठल्या दारानं आत यायचं ते कळतं. आणि एलपीचा मामला होता: एका बाजूला वीसेक मिनिटं, तबकडी उलटायची, पुन्हा वीसेक. त्या मापात काही बँड सुंदर बसले, काही बसले नाहीत. माप चुकीचं नव्हतं, पण ते सगळ्यांना लावायचं कशाला? तुमच्या पाच गाण्यांतलं तिसरं तर मला उघड उघड त्या मापाबाहेरचं दिसतंय. त्याच्या शेवटी तू आणि तुझा ड्रमर जे करता ते दर वेळी वेगळं असतं, आणि तेच सगळ्यात चांगलं असतं. ते तू स्टुडिओत एकदा पक्कं करून टाकणार?

माझ्या मित्राच्या कॅफेत पुढच्या शनिवारी संध्याकाळी जागा रिकामी आहे. फार तर चाळीस माणसं बसतील, त्यातली निम्मी कॉफीतच गुंतलेली. मी तुमचं नाव सांगून आलो आहे, न विचारता. पाचही गाणी वाजवा, हवं तर दुसऱ्यांची दोन गाणी घाला. तिसरं शेवटी ठेवा आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्या. मी मागच्या भिंतीपाशी रेकॉर्डर घेऊन बसेन. कॉपी हवी असेल तर माझी ती लाल कॅसेट आधी परत कर.

— काका