हायड्रा कशानं कलंडली, हे शोधण्याची नोकरी

पत्र : सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मुलगी सोलापुरातच मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या युनिटमध्ये बॉयलर उतरवताना हायड्रा (माल उचलून चाकांवर चालणारी क्रेन) कलंडली, ऑपरेटरचा पाय मोडला. मुलगी तासभर तिथं चाकांच्या खुणांचे फोटो काढत बसली आणि तेव्हापासून ‘फॉरेन्सिक इंजिनिअरिंग’च (यंत्र का पडलं, का तुटलं याचा तपास) करायचं म्हणते. एका खासगी संस्थेनं वर्षभराच्या सर्टिफिकेटला दीड लाख फी सांगितली आहे. मला हे पोलिसांचं, पोस्टमॉर्टेमचं काम वाटतं. आणि अपघात होऊन गेल्यावर जाऊन करायचं काय? वरातीमागून घोडं. शिवाय मुलीची जात, साइटवर कशी फिरणार? — एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फीचं आधी सांगतो : दीड लाख भरू नका. या कामात कुणी सर्टिफिकेट बघून बोलावत नाही. क्रेन उभी करताना, उतरवताना, बिघडल्यावर खोलताना तुम्ही किती वेळा हजर होता, ते बघतात.

पोलिसांचं म्हणाल, तर क्रेन पडून माणूस गेला की निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो आणि पहिला हात ऑपरेटरवर पडतो. ते सोपं असतं. तो जागेवर सापडतो, गरीब असतो, आणि लिव्हर त्याच्याच हातात असते. पण बॉयलरचं वजन त्याला कुणी सांगितलं? जागा कुणी ठरवली? माल बांधायचे पट्टे कुणाच्या गोडाऊनमधून आले? ही उत्तरं इंजिनिअरनंच शोधायची असतात. कोर्टात तज्ज्ञाचं मत पुराव्यात धरलं जातं (पूर्वी साक्ष कायद्याचं कलम 45, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 39). विम्याचा दावा आणि जखमीची भरपाईही पुष्कळदा अशाच अहवालावर अडते किंवा सुटते.

तुमच्या मुलीनं चाकांच्या खुणांचे फोटो काढले, ते मला फार आवडलं. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि पाऊस पडला की फुगून लोणी होते. हायड्राला मोठ्या क्रेनसारखे आउटरिगर, म्हणजे बाजूला टेकवायचे पाय, टाकून बसता येत नाही, ती चाकांवरच माल घेऊन चालते. त्यात ती वळते कमरेतून. पुढचा भाग वळला की माल मधल्या रेषेच्या बाहेर जातो आणि सरळ उभी असताना जे वजन पेलत होती, तेच आता तिला पाडू शकतं. म्हणून त्या फोटोंत मी आधी हे बघेन : एका बाजूचं चाक जास्त रुतलंय का, आणि खुणा सरळ आहेत की वळलेल्या. चाक आधी रुतलं आणि मग गाडी झुकली, की गाडी झुकली आणि त्या भारानं चाक रुतलं? दोन्हीचं चित्र लांबून सारखंच दिसतं. सगळा तपास या ‘आधी काय’वर चालतो.

दुसरी गोष्ट बूमची, म्हणजे क्रेनच्या लांब हाताची. क्रेनला आपण ‘पन्नास टनी’ म्हणतो, पण पन्नास टन ती अगदी जवळ, तीनेक मीटरवर उचलते. वीस मीटरवर तीच क्रेन थोडक्याच टनांची राहते. केबिनमध्ये लोड चार्ट असतो, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा तक्ता, पुष्कळदा ग्रीसनं माखलेला. अपघातानंतर बूम किती लांब होती, कोन किती होता, हुक कुठं पडला, हे मोजून त्या चार्टशी ताडून बघतात. पुष्कळ नव्या क्रेनमध्ये सेफ लोड इंडिकेटरची (भार मर्यादेत आहे का ते दाखवणाऱ्या यंत्राची) मेमरीही असते. ती वेळेत काढून घेतली नाही, तर तो पुरावा हातचा जाऊ शकतो.

वायर रोप किंवा पिन तुटली असेल तर तुटलेला चेहरा, म्हणजे तुटल्या जागेचा पृष्ठभाग, बघायचा. एका कडेला गंजलेला, काळपट भाग आणि त्यावर ओल्या वाळूवरच्या लाटांसारख्या रेषा दिसल्या, तर तडा महिनोन् महिने वाढत होता, देखभाल करणाऱ्यानं तो बघायला हवा होता. सगळाच चेहरा ताजा आणि खरबरीत असेल, तर त्या दिवशीचा भार जास्त झाला असावा. नवशिके इथं एक घोटाळा हमखास करतात : दोन तुकडे जुळतात का म्हणून एकमेकांवर ठेवून बघतात. त्यानं रेषा घासल्या जातात आणि पुरावा जातो.

‘वरातीमागून घोडं’ मला पटलं नाही. 12 जुलै 2009 ला दिल्ली मेट्रोचा जमरूदपूरचा पूल कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी तो मलबा उचलायला आणलेल्या क्रेन कोसळल्या. पडलेल्या सांगाड्याचं वजन कुठं अडकलंय, हे ओळखणारा माणूस तेव्हाच लागतो. अमेरिकेत मिलवॉकीला 14 जुलै 1999 ला स्टेडियमच्या छताचा सुमारे 450 टनांचा तुकडा उचलताना ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन पडली, तीन कामगार गेले. छताच्या त्या रुंद तुकड्यावर वारा किती दाबेल, याचा हिशेबच कुणी केला नव्हता, हे तपासात निघालं. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ 31 जुलै 2023 च्या रात्री गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर उचलून बसवणारं यंत्र) पडून 20 जण गेले, ते तुम्ही वाचलं असेलच.

आता नोकरीचं खरं बोलतो. ‘फॉरेन्सिक इंजिनिअर पाहिजे’ अशी जाहिरात आपल्याकडे क्वचितच निघते. हे काम वेगवेगळ्या नावांनी होतं. विम्याचे सर्व्हेअर करतात : इंजिनिअरिंगची पदवी, जुन्या सर्व्हेअरच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी, परीक्षा आणि आयआरडीएआयचं (विमा नियामक संस्थेचं) लायसन्स. थर्ड पार्टी इन्स्पेक्शनच्या, म्हणजे त्रयस्थ म्हणून तपासणी करणाऱ्या, कंपन्या करतात. धातू का तुटला हे जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत तपासतात. कारखान्यातल्या अपघाताची चौकशी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. कारखाने अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे (2025 च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली) क्रेनची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लागत असे. तुमच्या कारखान्यात ती होते का, की फक्त फॉर्मवर सही होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

माझा सल्ला : पदवीनंतर दोन-तीन वर्षं तिला क्रेन भाड्यानं देणाऱ्या किंवा इरेक्शन (अवजड यंत्रांची उभारणी) करणाऱ्या कंपनीत जाऊ द्या. पगार बेताचा असेल. खलाशी लोक (क्रेनला माल बांधणारे) तिला जे शिकवतील ते कॉलेजात मिळणार नाही. मग एनडीटीचं (वस्तू न तोडता तडे तपासण्याचं) लेव्हल टू आणि एम.टेक., मशीन डिझाइन किंवा मेटलर्जी. सुरक्षेकडे कल असेल तर शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा चांगला आहे. लिहिणंही घोटून घ्यायला सांगा. पैसे कंत्राटदार देणार, आणि अहवाल त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतो. उलटतपासणीत वकील एकेक शब्द पकडतो. ज्याला भीड मोडता येत नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

मुलीचं म्हणाल तर साइटवर स्वच्छतागृह नसतं, उंचीवर हार्नेस बांधून चढावं लागतं, रात्री-अपरात्री फोन येतो. हे तिला आधीच स्पष्ट सांगा, मग ठरवू द्या तिचं तिला. जो ओल्या मातीत तासभर फोटो काढत बसतो, त्याला ‘जमणार नाही’ म्हणायला मी तरी धजणार नाही.

या सुट्टीत एवढं करा. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर नाव नोंदवलं की मानकं फुकट उतरवता येतात, त्यातलं क्रेनच्या सुरक्षित वापराचं आयएस 13367 तिला वाचू द्या. आणि त्या ऑपरेटरला भेटायला तिला घेऊन जा. बॉयलरचं वजन त्याला कुणी आणि किती सांगितलं होतं, एवढंच विचारायचं, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातून निघतो का, ते मला कळवा.